उमेदवारांची पाइपलाइन: भरतीचे सीआरएम घ्यावे की स्प्रेडशीटवर भागवावे?

जागा रिकामी झाल्यावर घाईघाईने जाहिरात द्यायची आणि येतील त्या अर्जांतून निवड करायची, या पद्धतीला कंटाळून ज्यांनी आधीपासूनच चांगली माणसे हेरून त्यांच्याशी संपर्क ठेवायचे, म्हणजेच उमेदवारांची पाइपलाइन उभी करायचे ठरवले आहे, त्यांच्यापुढे पहिल्या महिन्यातच एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो: ही सगळी नावे ठेवायची कुठे? एकीकडे भरतीसाठी खास बनवलेली सीआरएम, म्हणजे उमेदवारांची नावे आणि त्यांच्याशी झालेला संपर्क सांभाळणारी, सॉफ्टवेअर आहेत, दुसरीकडे प्रत्येकाच्या संगणकात असलेली साधी स्प्रेडशीट. मी दोन्ही वापरली आहेत. सुरुवातीचे काही महिने शीट, मग सुमारे दीड वर्ष सॉफ्टवेअर, आणि गेली दोन वर्षे पुन्हा शीट. या क्रमावरून माझा कल कळून चुकला असेलच. तरीही सॉफ्टवेअरची बाजू लंगडी आहे असे मी म्हणणार नाही, आणि कोणत्या परिस्थितीत मी स्वतः तेच घेतले असते तेही पुढे येईल.

निवड करण्याआधी आपल्याला नेमकी किती नावे सांभाळायची आहेत, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांविषयीचा एक सोपा नियम येथे कामी येतो: माणसे ज्या वेगाने रांगेत येतात त्याला, प्रत्येक जण सरासरी जितका काळ रांगेत राहतो त्याने गुणले, की रांगेत एका वेळी सरासरी किती माणसे असतील ते कळते. आमच्याकडे वर्षाला साधारण ८ माणसे नव्याने रुजू व्हावी लागतात. ज्यांच्याशी आपणहून बोलणे सुरू करतो, त्यांतल्या दहापैकी एखादाच शेवटी येतो, असा माझा अनुभव आहे. म्हणजे वर्षाला ८० नव्या ओळखी हव्यात. पहिल्या बोलण्यापासून एक तर रुजू होईपर्यंत किंवा विषय संपेपर्यंत, नोटिस पीरियड धरून, सरासरी ९ महिने जातात असे मानले, तर ८० गुणिले पाऊण, म्हणजे कोणत्याही दिवशी जिवंत नावे ६० च्या आसपास असतात. सॉफ्टवेअरच्या ज्या प्रात्यक्षिकात मला हजारो प्रोफाइल क्षणार्धात गाळून दाखवली गेली, त्या प्रात्यक्षिकानंतर हे गणित करायला बसलो असतो तर पहिल्याच वर्षी शहाणा झालो असतो. मी मात्र आधी करार केला आणि गणित पुष्कळ नंतर केले.

सॉफ्टवेअरचा खरा जोर, माझ्या मते, शोधाच्या चमत्कारात नसून जुन्या मुलाखतींच्या नोंदींत आहे. प्रत्येक भरतीत एक जण निवडला जातो आणि अगदी थोडक्यात हुकलेला एखादा मागे राहतो. हायरिंग मॅनेजरने त्याला पसंत केलेले असते, त्याने आपला वेळ दिलेला असतो, जागा एकच असल्यामुळे त्याला नकार गेलेला असतो. पाइपलाइनमध्ये याच्याइतके मोलाचे नाव दुसरे नसते. सीआरएम जर अर्ज हाताळणाऱ्या एटीएसशी जोडलेले असेल, तर ही माणसे मुलाखतीच्या शेऱ्यांसकट आपोआप समोर येतात. शीटमध्ये त्यांना आठवणीने उतरवून घ्यावे लागते, आणि भरती संपल्याच्या आनंदात नेमके तेच राहून जाते. माझ्याकडून दोनदा राहिले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच उमेदवाराला दोन सहकाऱ्यांनी एकाच आठवड्यात फोन करण्याचा ओशाळवाणा प्रकार सॉफ्टवेअर बहुधा टाळते.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, ती सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये सिक्वेन्स नावाची सोय असते: उमेदवाराला एकदा त्यात टाकले की ठरलेल्या अंतराने पहिला मेल, मग आठवण, मग पुन्हा आठवण, असे आपोआप जात राहते. टेस्टिंगमधल्या एका अनुभवी बाईंशी माझे मे महिन्यात फोनवर वीसेक मिनिटे बोलणे झाले. हातातला प्रकल्प ऑक्टोबरमध्ये संपेल, तो अर्धवट टाकून मी कोठेही जाणार नाही, त्यानंतर मात्र जरूर बोलू, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. असा उमेदवार मिळणे हे भाग्यच; तो कधी मोकळा होणार हे त्याने स्वतःच सांगितलेले असते. मी त्यांच्या प्रोफाइलवर ‘ऑक्टोबरपर्यंत थांबणे’ असा शेरा लिहिला. पुढच्या महिन्यात आमच्यातल्याच कोणी तरी ‘टेस्टिंग, आठ वर्षांहून अधिक अनुभव’ असा फिल्टर लावून निघालेली सगळी नावे एका नव्या सिक्वेन्समध्ये टाकली. माझा शेरा शेऱ्याच्या चौकटीतच राहिला, कारण सिक्वेन्स ती चौकट वाचतच नव्हता. तीन मेल गेले. ‘आपली प्रोफाइल नुकतीच आमच्या पाहण्यात आली आणि आम्ही प्रभावित झालो’ हे पहिल्या मेलचे पहिले वाक्य होते, आणि खाली सही माझी होती. तिसऱ्या मेलला त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: ‘मी आपल्याला ऑक्टोबर सांगितला होता.’

ऑक्टोबरमध्ये मी फोन केला. त्या सौजन्याने बोलल्या, पण बोलणी दुसरीकडे पुढे गेली होती. मेल गेले नसते तर त्या आमच्याकडे आल्याच असत्या, असा दावा मी करणार नाही; फक्त त्या फोनवर मला जे अवघडल्यासारखे झाले, ते अजून गेलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की दोष सॉफ्टवेअरचा नसून वापरणाऱ्यांचा होता, आणि त्यात तथ्य आहे. संपर्क नको असलेल्यांसाठी वेगळा टॅग होता, रिमाइंडर लावण्याचीही सोय होती. परंतु रिमाइंडर प्रत्येक प्रोफाइलच्या आत, तीन क्लिक खाली दडलेला असे, आणि सकाळी लॉगिन केल्यावर समोर दिसायचे ते असे: किती मेल गेले, किती उघडले गेले, किती जणांनी उत्तर दिले. समोर जे दिसते तेच विचारले जाते आणि जे विचारले जाते तेच केले जाते, असे मी अनेक कचेऱ्यांत पाहिले आहे. आमच्या साप्ताहिक बैठकीतही ‘या आठवड्यात किती जणांपर्यंत पोहोचलो’ हाच प्रश्न होऊ लागला. ‘या आठवड्यात कोणाला फोन करायचा शब्द दिला होता’ हे कोणी विचारीना. मीही विचारीनासा झालो. संपर्क केला, उत्तर आले, मुलाखत, ऑफर, हे सॉफ्टवेअरमधले टप्पे सगळे आपल्या बाजूचे असतात. समोरचा माणूस मनाने आणि कामाने कधी मोकळा होतो, याला त्यात कोठे टप्पाच नसतो.

वारंवार आठवण दिली नाही तर माणूस आपल्याला विसरेल, ही भीतीही मला फारशी खरी वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले होते की ज्याच्याकडून बातमी कळली तो त्या काळात आपल्याला किती वेळा भेटत असे. वारंवार, म्हणजे आठवड्यातून किमान दोनदा, असे सांगणारे १६.७ टक्केच निघाले; अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित म्हणणारे २७.८ टक्के होते. नमुना लहान होता आणि ती माणसे एकाच गावातली होती, हे ध्यानात घेऊनही त्यातून मी माझ्यापुरता अर्थ काढला: वर्षातून दोन वेळा, पण नेमक्या वेळी झालेले बोलणे पुरेसे असते.

माझी शीट पाहून कोणी थक्क होणार नाही. नाव, सध्याचे काम, ओळख कोणामुळे झाली, शेवटचे बोलणे कधी, पुढचे बोलणे कधी, आणि तेव्हाच का, एवढे सहा कॉलम आहेत. सगळी मदार शेवटच्या दोहोंवर आहे. ‘पुढचे बोलणे कधी’ मध्ये उमेदवाराने स्वतः सांगितलेला महिना लिहायचा. त्याने सांगितला नसेल तर विचारून घ्यायचा, आणि तो रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही. ‘तेव्हाच का’ मध्ये ‘बोनस हाती पडल्यावर’, ‘बढतीचा निकाल लागल्यावर’, ‘धाकट्याची शाळा सुरू झाल्यावर’ असे त्याचेच शब्द असतात. दर सोमवारी तारखेप्रमाणे सॉर्ट करायचे आणि वरची चार-पाच नावे त्या आठवड्यात हातावेगळी करायची. साठ नावांना हे पुरते. सुरुवातीला ‘मागच्या वेळी आपण म्हणाला होतात की’ असे म्हटले की समोरचा आवाज सैल होतो, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्याची टक्केवारी माझ्याजवळ नाही.

शीटनेही मला तोंडघशी पाडले आहे. एकदा घाईत संपूर्ण तक्त्याऐवजी एकच कॉलम निवडून सॉर्ट केला गेला, आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या तारखेपासून व कारणापासून सुटून भलत्याच ओळीला जाऊन चिकटले. तो घोटाळा लक्षात येण्यापूर्वी मी एका गृहस्थांना फोन करून ‘नवीन घरात स्थिरस्थावर झालात का’ असे आपुलकीने विचारले. ते तीस वर्षे एकाच घरात राहत होते. तेव्हापासून पहिली ओळ गोठवलेली आहे, तक्ता एकसंध केलेला आहे, आणि दर शुक्रवारी त्याची एक प्रत बाजूला ठेवली जाते.

याहून गंभीर उणीव माहितीच्या जबाबदारीची आहे. युरोपीय संघाचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यानुसार एखाद्याची माहिती त्याच्याकडून न घेता दुसरीकडून गोळा केली असेल, तर ते त्याला जास्तीत जास्त महिन्याभरात, आणि त्याच्याशी संपर्क साधणार असाल तर पहिल्या संपर्कातच, कळवावे लागते; शिवाय गरज संपल्यावर ती माहिती ठेवता येत नाही. आपणहून उमेदवार शोधणाऱ्याचे बहुतेक काम याच कक्षेत येते. मुदत संपलेली नोंद काढून टाकणे, कोणी काय पाहिले याची नोंद ठेवणे, ही कामे चांगले सॉफ्टवेअर गुपचूप करते. शीटमध्ये ती तुमच्या शिस्तीवर राहतात, आणि कोणाच्या डाउनलोडमध्ये जुनी प्रत पडून आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुमचे उमेदवार अशा कायद्याखाली येत असतील आणि शीट उघडणारे हात तीन-चारांहून अधिक असतील, तर माझा कल बाजूला ठेवून सॉफ्टवेअर घ्यावे असे मी नम्रपणे सुचवेन. वर्षाला पन्नास-साठ जागा भरायच्या असतील तरीही तेच; वरच्या हिशेबाने तेव्हा जिवंत नावे पावणेचारशे ते साडेचारशे होतात, आणि एवढी मोठी शीट मला तरी पेलली नसती.

एक-दोन माणसांनी भरती पाहणाऱ्यांना मात्र मी आधी वर्षभर शीटच वापरून पाहा असे सांगतो. त्यात एक आडवळणाचा फायदाही आहे. सॉफ्टवेअर कायमचे असतेच असे नाही. गूगलने २०१७ मध्ये आणलेले ‘हायर’ हे भरतीचे उत्पादन १ सप्टेंबर २०२० रोजी बंद केले, आणि ग्राहकांना आपली माहिती उचलून अन्यत्र जावे लागले. अशा वेळी हाती उरते ती बहुधा एक फाइल, आणि ती उघडते स्प्रेडशीटमध्येच.

सॉफ्टवेअरच घ्यायचे ठरले असेल, तर प्रात्यक्षिकाच्या वेळी एक काल्पनिक उमेदवार तयार करायला सांगा. त्याच्या प्रोफाइलवर ‘ऑक्टोबरपूर्वी संपर्क नको’ असे लिहायला लावा, मग फिल्टर लावून त्याला इतर वीस जणांबरोबर सिक्वेन्समध्ये टाकायला सांगा, आणि यंत्र त्याला अडवते का ते पाहा. आज माझ्यापुढे सहा-सात उत्पादने ठेवली, तर मी हेच पहिल्यांदा पाहीन. आणि ते अडवणारे एखादे सापडले, तर शीटविषयी पुन्हा विचार करायला माझी हरकत नाही.