२४ हजाराचं कासव : स्कूबा कोर्सच्या नावाखाली मी कसा फसलो

लातूरात परत स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सची बॅच सुरू झाली म्हणून कळलं, म्हणून हे लिहायलोय. ती बॅच घेणाऱ्या माणसाचं नाव टाकत नाही, नाव तो दरवर्षी बदलतो, त्यामुळं नावावरून तुम्हाला तो सापडणार नाही. पद्धत मात्र तीच आहे, ती सांगतो.

आधी हे कबूल करतो की हौस माझीच होती. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग लागायची, त्यात मीबी असायचो. असल्या गावच्या माणसाला कुणी म्हणलं की चल तुला समुद्राच्या पोटात नेतो, तर डोकं जाग्यावर राहतंय का? पोहायला येत होतं, आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मामानं शिकवलतं. तेवढ्यावर आपण लई पट्टीचे पोहणारे असं डोक्यात बसलेलं.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. क्लासेसच्या भागात एका हॉलमध्ये फ्री सेमिनार होता. प्रोजेक्टर, चहा-बिस्किट, सगळं व्यवस्थित. सर म्हणाले चार दिवसाचा कोर्स, एक दिवस लातूरात स्विमिंग पूल, मग मालवण, शेवटी इंटरनॅशनल सर्टिफिकेट, जगात कुठंबी जा आणि डायव्ह मारा. फी २४ हजार, जाणं-येणं धरून. आपल्याकडं कसंय, बॅच, ॲडमिशन, सर्टिफिकेट असे तीन शब्द कानावर पडले की माणूस पुढचं काही विचारतच नाही, निम्मं गाव क्लासवर जगतंय. मी अन् मावसभाऊ दोघांनी तिथंच पैसे टाकले. पैसे गेले एका खाजगी नंबरवर, नोटमध्ये त्यानंच लिहायला लावलं 'ट्रिप'. तेव्हा वाटलं असेल बुवा काहीतरी टॅक्सचं.

पूलचा दिवस म्हणजे एका हॉटेलचा पूल, पाणी छातीएवढं. आम्ही अकरा जण अन् सिलिंडर दोन. प्रत्येकाला मोजून दहा-पंधरा मिनिटं, तोंडात नळी धरून डोकं पाण्यात घालायचं, झालं. थिअरी म्हणून व्हॉट्सॲपवर हाताच्या खुणांचा एक फोटो आला.

मग फॉर्म. हे जरा सविस्तर सांगतो कारण याची मला अजून झोपेत आठवण येते. फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न होते, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, फिट येते का. मावसभावाला लहानपणापासून दमा, इनहेलर कायम खिशात. त्यानं पेन थांबवला तर सर म्हणाले, सगळीकडं नाही लिहून टाका, ती नुसती फॉर्मॅलिटी असते. माझं स्वतःचं मेडिकल आहे, दिवसाला दहा इनहेलर मी विकतो, तरी मी बाजूला उभा राहून गप्प बसलो. कामून बसलो ते आजबी सांगता येत नाही.

मालवणला पोचलोत तर सर म्हणाले मी किनाऱ्यावर थांबतो, बोटीवर आमचे एक्सपर्ट आहेत. एक्सपर्ट म्हणजे तिथलीच पोरं, कामात चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एकानं मला मागून सिलिंडरला धरलं अन् खाली नेलं. पंधरा-वीस फूट असेल. पाणी हिरवट, गढूळ, दोन पुरुषांच्या पलीकडचं दिसत नव्हतं. पण खरं सांगू का, पहिल्यांदा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा तोंडासमोरून गेला तेव्हा मी २४ हजार विसरलो. दगडाला चिकटलेली गोल काटेरी गोळी, तिचे काटे हळूहळू हलत होते. स्वतःच्या श्वासाशिवाय कसला आवाज नाही. फोटोसाठी त्यांनी एका प्रवाळावर उभं केलं. मला वाटलं दगडच आहे. बारा मिनिटात वर.

वर आल्यावर मी त्या पोराला विचारलं उद्याचे डायव्ह किती वाजता? तो हसायलाच लागला. म्हणाला, "उद्या खंयचो डायव्ह? कोर्स नाय ह्यो, ट्राय डायव्ह आसा." सरांना विचारलं तर म्हणे त्याला काय कळतंय, तो बोटीवरचा पोऱ्या आहे. अन् आम्ही सरांवर विश्वास ठेवला, कारण ते सर होते. तिथून हाकेच्या अंतरावर तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा शिकवायची सरकारी संस्था आहे, तिच्या बोर्डापुढून आमची गाडी गेली.

आठ दिवसांनी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट आलं, वर डॉल्फिन, खाली गोल्डन शिक्का. सोबत माझा व्हिडिओ. व्हिडिओत निळंशार पाणी अन् एक भलं मोठं कासव. मावसभाऊ म्हणाला, "कासव कुठं होतं रे?" सरांना फोन लावला तर उत्तर आलं, तुम्ही घाबरलते म्हणून तुम्हाला दिसलं नाही, कॅमेऱ्याला दिसलं. व्हिडिओतल्या माणसाच्या अंगात पूर्ण काळा सूट, हातात ग्लोव्ह्ज, अन् आम्ही तर टी-शर्ट-बर्मुड्यावर गेलतो. एवढं डोळ्यानं बघून पण मी ते सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या मागं लावलं. गिऱ्हाईक विचारायचे, मी सांगायचो.

सव्वा वर्षानं, फेब्रुवारी २०२४ मध्ये बायकोसोबत अंदमानला गेलो. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, डायव्ह सेंटरवर रुबाबात सर्टिफिकेटचा फोटो दाखवला. तिथली इन्स्ट्रक्टर म्हणाली यावर नंबर कुठंय? खऱ्या कार्डाला नंबर असतो, पॅडी असो की एसएसआय (डायव्हिंगचं सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सी), कुठल्याबी देशात बसून तो रेकॉर्डला बघता येतो. माझ्या कागदावर डॉल्फिन सोडून काहीच नव्हतं. मग तिनं सिलिंडर, जॅकेट, नळ्या समोर ठेवल्या अन् म्हणाली जोडून दाखवा. मला झाकण कुठं फिरवायचं तेच माहीत नव्हतं. बायको शेजारी उभी. तिनं मला एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

शेवटी तिथंच पैसे भरून खरा कोर्स केला, अन् तेव्हा कळलं की आपल्याला नेमकं काय दिलं नव्हतं. ओपन वॉटर डायव्हर हा पहिला कोर्स, त्यात आधी थिअरी अन् परीक्षा, मग उथळ पाण्यात पाच सेशन, मग समुद्रात किमान चार डायव्ह, २०० मीटर न थांबता पोहून दाखवायचं, दहा मिनिटं तरंगायचं. हे सगळं झाल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. मालवणात आम्ही केला तसला, कुणीतरी धरून नेलेला, तो फक्त अनुभव, त्याचं कार्ड मिळत नसतं.

पहिल्याच सेशनला पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घालायचा होता. काढला, नाकात पाणी गेलं, अन् मी विचार न करता श्वास कोंडून सरळ वर उसळलो. कमरेएवढं पाणी होतं म्हणून काही नाही झालं. इन्स्ट्रक्टरनं मला बाजूला बसवून शांतपणे सांगितलं. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर हवा घेऊन श्वास कोंडला अन् तसाच वर आलात तर ती हवा दुप्पट व्हायला बघते, अन् फुफ्फुस काय फुगा नाही, फाटतं. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम, श्वास कधीच कोंडायचा नाही. मला आमच्या सरांचं आठवलं, पूलमध्ये ते म्हणलते घाबरल्यासारखं झालं तर श्वास कोंडून धरा अन् वर या.

अन् दमा. दम्यात बारक्या श्वासनळ्या आवळतेत, हवा आत अडकते, वर येताना ती फुगते. हे तर मला दुकानात बसून कळायला पाहिजे होतं. त्या रात्री मावसभावाला फोन केला, दुसरंच काहीतरी बोललो अन् ठेवला.

चांगलंबी सांगतो. चौथ्या डायव्हला इन्स्ट्रक्टरनं पाटीवर लिहून दाखवलं, 'झाड नाही, प्राणी'. प्रवाळ होता. आमच्या सरांनी समुद्रातली झाडं म्हणून सांगितलतं. बारक्या बारक्या जिवांची वसाहत असते ती, त्यातले कित्येक प्रकार वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतेत, अन् मी मालवणात एकावर चढून अंगठा दाखवून फोटो काढलता. पोपटासारख्या चोचीचा एक मासा प्रवाळ कुरतडत होता, कुरतडल्याचा आवाज चक्क ऐकू येतो, अन् मागून पांढरी वाळू सोडत पुढं जातो. बीचवरच्या वाळूत त्याच्या पोटातून आलेलीबी असते हे कळल्यावर बायको दिवसभर वाळूत बसायला तयार नव्हती. शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं म्हणून एक दिवस जास्त राहिलोत, तो दिवस फुकटचा मिळाल्यासारखा वाटला.

परत आल्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी पावती विचारली. माझ्याकडं 'ट्रिप' लिहिलेला एक स्क्रीनशॉट. ट्रिप तर झालती. तेव्हा पैसे देताना कोर्सचं नाव, एजन्सीचं नाव अन् इन्स्ट्रक्टरचा नंबर पावतीवर लिहून मागा. पॅडीच्या साइटवर प्रो चेक म्हणून सोय आहे, इन्स्ट्रक्टरचा नंबर टाकला की तो खरा का खोटा लगेच दिसतं. दोन मिनिटाचं काम. नंबर विचारल्यावर समोरचा चिडला तर उठून या, चहा-बिस्किट खाऊन या पाहिजे तर.

गेल्या आठवड्यात दुकानात एक पोरगा आला, कानात टाकायचे ड्रॉप मागायला. कशाला म्हणलं तर म्हणे स्कूबाचा कोर्स लावलाय काका, पुढच्या महिन्यात मालवण, जुन्या बॅचचा व्हिडिओ दाखवू का? दाखवला. सरांचं नाव वेगळं, लोगो वेगळा, फी ३२ हजार.

कासव तेच.