होंडा एस२००० : चालवायची का झाकून ठेवायची?
१९९९ ते २००९ एवढीच वर्षं बनली ही दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, त्यामुळे कमी चाललेल्या पीसचे भाव चढतच चाललेत आणि मालक लोक ओडोमीटर बघत बघत गाडी बाहेर काढतात, हे काय खरं नाय राव. सुरुवातीच्या मॉडेलचं इंजिन २ लिटरचं, टर्बो नाही, तरी ९००० आरपीएमपर्यंत ओढतं, ६००० च्या आसपास व्हीटेक (वरच्या आरपीएमला इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची सिस्टीम) लागलं की आवाजच बदलतो, अंगावर काटा! गिअर तर इतके भारी पडतात की गरज नसताना पण बदलत बसतो मी. ओल्या रस्त्यावर मात्र जपून, मागची बाजू पटकन सुटते. नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते, टायर चपटे पडतात, मग काय उपयोग? भाव कमी झाला तर होऊदे, मी चालवणार. फक्त ओरिजिनल पार्ट आणि सर्व्हिसची बिलं जपून ठेवा, मॉडिफाय केलेली बघून कलेक्टर लोक नाक मुरडतात.