टॅबचं रूट परत आणून देतो म्हणाला आणि ३३,८५७ रुपये घेऊन गेला

आधी आकडे, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. १,४९९ रुपये ‘फाइल चार्ज’. २,३६० रुपये ‘सर्व्हर क्रेडिट’, जीएसटी धरून. मग नेट बँकिंगमधून १९,९९९ आणि पाठोपाठ ९,९९९. एकूण ३३,८५७. पहिले दोन मी स्वतः यूपीआयने पाठवले. नंतरचे दोन माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवरून, मी समोर बसलेलो असताना गेले.

‘टॅब रूट करायची गरजच काय होती?’ असं विचारणाऱ्यांनी हे वाचावं. रूट म्हणजे कंपनीने कुलूप लावलेल्या आतल्या सिस्टीमचा पूर्ण ताबा. माझं नाशिकला स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरवरचा टॅब बिलिंगसाठी दिवसभर चार्जरलाच असतो. आधीच्या टॅबची बॅटरी अशीच फुगली आणि स्क्रीन उचलली गेली. आताच्या टॅबला चार्जिंग मध्येच थांबवायची सोय कंपनीने दिलेली नाही. रूट असलं की ६० टक्क्यांवर थांबवता येतं. म्हणून भाच्याने मॅजिस्क, म्हणजे रूट मिळवून देणारं ॲप, टाकून दिलं होतं. यात कसली हौस?

मग दुकानातल्या पोराने समोर आलेलं सिस्टीम अपडेट दाबून टाकलं. अपडेटबरोबर नवी बूट इमेज, म्हणजे टॅब सुरू करणारी फाइल, येते, मॅजिस्कने बदललेली जुनी जाते, की रूट गेलं. बूटलोडर, म्हणजे बाहेरची फाइल टाकू न देणारं कुलूप, मात्र उघडाच राहतो, त्यामुळे डेटा न पुसता रूट परत घेता येतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, मी अगदीच अडाणी नाही. पण नव्या बिल्डची, म्हणजे सिस्टीमच्या त्या नेमक्या आवृत्तीची, फाइल हाताशी नव्हती, भाच्याची परीक्षा चालू होती, आणि शाळा उघडायच्या तोंडावर वह्या-पुस्तकांची ही गर्दी. एका चॅट ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत खासगी मेसेज आला, ‘दादा, टेन्शन नका घेऊ, दहा मिनिटांचं काम आहे.’ अस्सल मराठी, प्रोफाइलला रिपेअरिंगच्या टेबलाचा फोटो, व्हॉइस मेसेजमध्ये मागे सोल्डरिंगच्या दुकानात असतो तसा गलका. ग्रुपवर विचारलंत की जो स्वतःहून खासगीत येतो, त्याला तिथेच ब्लॉक करा. ज्याला खरंच मदत करायची असते तो ग्रुपवरच उत्तर देतो.

आता ती जागा सांगतो, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. त्याने पहिली गोष्ट मागितली ती आयएमईआय, म्हणजे टॅबचा ओळख क्रमांक. रूट करायला आयएमईआयचा काडीचा संबंध नाही. लागतो तो बिल्ड नंबर, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळणारा, कारण बूट इमेज त्याच बिल्डची असावी लागते. दुसरं लागतं ते म्हणजे टॅब मुळात कुठल्या अँड्रॉइडसह विकला गेला. १३ किंवा त्यापुढचा असेल तर मॅजिस्क बहुतेक बूटमध्ये नाही, इनिट_बूट नावाच्या वेगळ्या इमेजमध्ये घालावं लागतं. या माणसाने शेवटपर्यंत बिल्ड नंबर विचारला नाही. मी आपण होऊन टाइप केला, तर अंगठा दाखवून मोकळा! तिथेच फोन खाली ठेवायला हवा होता. पण समोर तीन गिऱ्हाइकं, एकाला लॅमिनेशन, एकीला प्रोजेक्टची फाइल.

आणि ‘सर्व्हर क्रेडिट’ हा शब्द काही त्याने उगाच काढलेला नाही. मोबाइल रिपेअरिंगच्या बाजारात लॉक काढायच्या कामांना खरोखरच क्रेडिट विकत घ्यावी लागतात, हे मी शेजारच्या दुकानात पाहिलंय. २,००० वर १८ टक्के लावून २,३६० चा हिशेबही त्याने नीट मांडून पाठवला. चोर जीएसटी लावेल असं कुणाला वाटेल? पण उघड्या बूटलोडरला कसल्याच सर्व्हरची गरज नसते. मॅजिस्क फुकट आहे, त्याचा कोड उघड्यावर आहे, आणि बूट इमेज कंपनीच्या पूर्ण फर्मवेअरमधून, म्हणजे टॅबच्या अख्ख्या सिस्टीमच्या फाइलमधून, काढता येते. पैसे मागण्यासारखं यात काहीच नाही.

पैसे गेल्यावर म्हणाला, टॅब फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून सिस्टीमच्या फाइल टाकायचा मोड) टाकून कॉम्प्युटरला जोडा आणि हे रिमोटचं ॲप घ्या. घेतलं. जरा वेळाने मॉनिटर काळा झाला, त्यावर ‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’. टॅबवर मात्र फास्टबूटचा तोच स्क्रीन, एक ओळही हललेली नाही. अपडेट नक्की कशाचं चाललं होतं? रिमोटच्या ॲपमध्ये समोरच्याचा पडदा झाकून ठेवायची सोय असते, हे नंतर कळलं. त्या पडद्याआड त्याने माझं नेट बँकिंग उघडलं. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता, कुठल्या दुकानात नसतो? फोनचे मेसेजही त्याच ब्राउझरला जोडलेले होते, त्यामुळे ओटीपी त्यालाच दिसला. मला त्याने एकदाही ओटीपी विचारला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि मेसेज कॉम्प्युटरला जोडलेले असतील तर आत्ताच्या आत्ता काढून टाका.

फोनवर डेबिटचे मेसेज दिसले तेव्हा मी वायर उपटली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर हे आधी करा, दुकान-घर नंतर.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! बँकेतल्या बाई म्हणाल्या, ‘सर, तुम्ही ओटीपी दिलात.’ मी म्हटलं, ‘दिला नाही, त्याने वाचला.’ ‘म्हणजे दिल्यासारखंच ना?’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, असा प्रकार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार नाही, असं त्यात आहे. त्यांनी त्यातल्याच ग्राहकाच्या निष्काळजीपणाच्या कलमावर बोट ठेवलं. बरं, निष्काळजीपणा कुणी ठरवला? त्यांनीच. पैसे गिफ्ट कार्ड विकणाऱ्या एका साइटवर गेलेत, तिथे रोखायला सांगा म्हटलं, तर ‘आधी एफआयआर आणा.’

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘आधी बँकेचं पत्र आणा.’ मग ‘समोरचा परराज्यातला दिसतोय, आमच्या हद्दीत बसत नाही.’ अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते! हे मी सांगितलं तर साहेबांचा चेहरा उतरला आणि प्रश्न आला, ‘टॅब हॅक करायला कुणी सांगितलं होतं?’ रूट करणं म्हणजे हॅकिंग नाही, टॅब माझा, पावती माझी. तक्रारीत शेवटी लिहिलं गेलं ‘मोबाइल दुरुस्तीच्या वादातून’. वाद! मी तीन वेळा बदलायला सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी, म्हणजे कॉम्प्युटरवरून सोंग घेऊन फसवण्याचं कलम, लावा म्हटलं तर ‘तुम्ही वकील का?’ तुमचा जबाब सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

टॅबची गोष्ट राहिली. परीक्षा संपल्यावर भाच्याने फोनवरून सांगत करून घेतलं. पूर्ण फर्मवेअर उतरवलं, बिल्ड नंबर ताडून पाहिला, त्यातली बूट इमेज मॅजिस्कने पॅच केली, फास्टबूटने टाकली. बिलं जशीच्या तशी, चार्जिंग पुन्हा ६० ला थांबतंय. खर्च शून्य. वर तो म्हणतो, ‘मामा, अपडेट उतरल्यावर रीस्टार्ट करायच्या आधीच मॅजिस्कमधून दुसऱ्या स्लॉटवर टाकलं असतं तर रूट गेलंच नसतं.’ हे ए-बी स्लॉटवाल्या, म्हणजे सिस्टीमसाठी दोन जागा ठेवणाऱ्या, टॅबना लागू आहे, तुमचा तसा असेल तर करून ठेवा. मी तर ऑटो अपडेटच बंद केलंय.

बँकेने लेखी नकार दिलाय, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज टाकला. बँक ३० दिवसांत काहीच बोलली नाही तरी तिथे जाता येतं, नकार येईपर्यंत थांबू नका. तो माणूस अजून त्याच ग्रुपवर आहे, फक्त नाव बदललंय. परवा कुणीतरी टॅबबद्दल विचारलं, तर त्याला याचा खासगी मेसेज गेलाच. मी त्या विचारणाऱ्या पोराला फोन करून सगळं सांगितलं. त्याने १,४९९ आधीच भरले होते.