परदेशीपुऱ्यात घडलेले एबोनाइटचे पेन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त टर्नरकाकांकडून मी एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे, शाईचे पेन करवून घेतले. कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या या काकांनी घराच्या पडवीत छोटा लेथ, म्हणजे कातकामाचे यंत्र, बसवला आहे आणि केवळ आवडीपोटी ते महिन्याला दोन-तीन पेने घडवतात. हा व्यवसाय नसल्यामुळे नाव कुठे येऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे आणि ती मी पाळते आहे. पेनासाठी मी २,६०० रुपये दिले आणि सात आठवडे वाट पाहिली. शिकवण्यांच्या निमित्ताने रोज दहा-बारा पाने मराठी मजकूर हाताने लिहावा लागत असल्यामुळे या पेनाची परीक्षा भरपूर झाली आहे.

पहिल्या भेटीत काकांनी रंग किंवा आकार यांपैकी काहीच विचारले नाही. रेघी कागद पुढे ठेवून ते म्हणाले, "ताई, एक पान न थांबता लिहा, अक्षर सुंदर काढायला जाऊ नका." मी लिहीत होते तेवढा वेळ त्यांचे लक्ष कागदाकडे नव्हते, माझ्या बोटांकडे होते. मग माझ्या जुन्या पेनावर बोटे जिथे टेकतात तिथे त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. माप ९ मिलिमीटर भरले. नव्या पेनाची पकड त्यांनी ११ मिलिमीटरांच्या किंचित वर ठेवली आणि निबेच्या बाजूला तिला हलका उठाव दिला, म्हणजे बोटे खाली घसरत नाहीत आणि पेन दाबून धरावे लागत नाही. माझ्या मधल्या बोटावर अनेक वर्षांचा घट्टा होता, तो आता मऊ पडला आहे. एवढ्या एका कारणासाठीही मी हे पेन पुन्हा घेतले असते.

तरी या पेनाचे खरे वैशिष्ट्य निबेत आहे. निब जर्मन बनावटीची, पोलादी, सहा नंबरची असून ती जाड टोकाची घ्यावी, असा काकांचा आग्रह होता, कारण बारीक टोकावर घासायला धातूच उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या चपट्या टोकाच्या निबा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून कापलेल्या असतात. नेहमीच्या पद्धतीने पेन धरले की त्या निबांनी देवनागरी अक्षराची जाडी नको तिथे पडते. आपल्याकडे बोरूचे टोक तिरके कापत असत आणि तो तिरकेपणा देवनागरीच्या वळणाला अनुसरून असे. काकांनी निबेच्या टोकावरील कठीण धातूला तोच काप दिला. आधी बारीक दगडावर, नंतर पॉलिशच्या कागदावर घासताना दर चार-पाच फेऱ्यांनंतर ते निब शाईत बुडवून "क", "ळ" आणि "श्री" लिहून पाहत. आता काना भरीव उतरतो, शिरोरेषा त्याहून बारीक राहते आणि "ळ"च्या दोन्ही गाठींत शाई भरून येत नाही. माझे अक्षर मुळात बेताचे आहे. पण या निबेने लिहिलेले पान दुरून पाहिले तरी ते मराठीचे पान वाटते, आणि हे समाधान मला कोणत्याही महागड्या पेनाने दिले नव्हते.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते वापरात आहे आणि फाउंटन पेनाच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक पेने त्याचीच असत. लेथवर त्याची लांबच लांब काळी फीत सुटते आणि टूल तापले की पडवीभर गंधकाचा वास पसरतो. हाताला ते प्लॅस्टिकसारखे गार लागत नाही. भारतात एबोनाइटच्या पेनांची परंपरा जुनी आहे, आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेल्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये त्यांना पत्राने पसंती कळवली होती. काकांनीही आपले पहिले पेन राजमहेंद्रीचे एक जुने पेन उघडून, त्याचे आटे मोजून बनवले. माझ्या पेनाचे आटे त्यांनी टॅप आणि डाय लावून हाताने पाडले आहेत. ते इतके मऊ फिरतात, की टोपण लावताना शेवटच्या पाव फेऱ्यात बसणारी घट्ट पकड बोटांना स्पष्ट जाणवते.

आता तक्रारी. पहिले दोन आठवडे पेन मध्येच कोरडे पडत होते; वाक्य संपवून विचार करायला थांबले, की पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर उमटतच नसे. मी ते परत नेले. काकांनी निब आणि तिच्याखालची, निबेपर्यंत शाई पोचवणारी जीभ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवली, एबोनाइटची जीभ नरम झाल्यावर अंगठ्याने ती निबेला चिकटेल अशी दाबली आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. त्यानंतर तो दोष पुन्हा दिसला नाही. प्लॅस्टिकच्या जिभेवर हा उपाय इतका सहज चालत नाही, म्हणून पेन करवून घेताना एबोनाइटचीच जीभ मागावी. मात्र हे काम पेन हाती देण्यापूर्वीच व्हायला हवे होते, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

दुसरी अडचण या प्रकारच्या पेनाच्या रचनेतच आहे. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची असल्यामुळे त्यात साडेतीन मिलिलिटर शाई मावते आणि माझा आठवडा आरामात निघतो. परंतु शाई पाव नळीवर आली, की हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि पेन शाई ओकते. इंदूरच्या मे महिन्यात तर हे दोनदा घडले आणि एका विद्यार्थिनीच्या वहीवर टपोरा डाग पडला. शाई अर्धी होताच पुन्हा भरणे हाच यावरचा उपाय आहे. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, की सांध्यातून शाई पाझरत नाही. शाई कॅमलची साधी निळी वापरते. चित्रकलेची जलरोधक काळी शाई अशा पेनात कधीही भरू नये, कारण त्यातील लाख जिभेच्या खाचांत वाळून बसते.

रंगाबाबतही एक सूचना. खिडकीच्या उन्हात ठेवल्यामुळे माझ्या काळ्या पेनाची एक बाजू किंचित तपकिरी-हिरवट झाली आहे. पॉलिश करून ती छटा घालवता येते, तरी पेन डबीत ठेवलेले बरे.

ज्यांना दिवसातून दोन सह्या करायच्या असतात, त्यांनी सात आठवडे थांबून हे पेन घेण्याचे कारण नाही. मी मात्र दुसऱ्या पेनाची मागणी नोंदवली आहे. त्याची निब याहून एक माप बारीक असेल, कारण वह्यांच्या समासात शेरे लिहिताना सध्याची निब जागा फार खाते.