टाकाऊ मातीतून तेल काढायचं मशीन घेताय? आधी वजन करा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा करडईचा एक्स्पेलर, म्हणजे बी दाबून तेल काढायचा घाणा, आहे. गेल्या वर्षी एकजण मशीन विकायला आला. रिफायनरीत तेलाचा रंग काढायला ब्लीचिंग अर्थ वापरतात. काम झाल्यावर ती माती टाकाऊ म्हणून बाहेर पडते. तिच्यात वीस-तीस टक्के तेल उरू शकतं हे खरंच आहे, आणि हेक्झेनने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या पेट्रोलसारख्या द्रवाने, ते सुटतं हेही खरं. पेंडीत राहिलेलं सहा-सात टक्के तेल मोठे सॉल्व्हंट प्लँट असंच काढतात. खोटं होतं ते त्याने दाखवलेलं वजन.

डेमोला त्याने किलोभर माती हेक्झेनमध्ये भिजवली, गाळली, गाळलेलं भांडं थोडा वेळ गरम पाण्यात धरलं आणि काट्यावर ठेवलं. ३४० ग्रॅम! “शेठ, चौतीस टक्के. साबणवाले दारातून उचलतील.” दादाने साडेचार लाख आगाऊ दिले. मशीन उतरवून, उरलेली रक्कम घेऊन तो गेला तो गेलाच, फोन बंद. आमच्या हाती मात्र चौतीसचे सतराही पडेनात.

डेमोची बाटली दादाने ठेवली होती. त्यातलं १०० मिली तोललं तर ७७ ग्रॅम. खाद्यतेल तेवढंच घेतलं तर ९१-९२ ग्रॅम भरतं, हेक्झेन ६६. म्हणजे तेल म्हणून तोललेल्यात वजनाने जवळपास निम्मं हेक्झेनच होतं. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं, पण तेलात मुरलेलं शेवटचं हेक्झेन काढायला वाफ आणि व्हॅक्यूम लागतो. मशीनला दोन्ही नाही. मातीत राहिलेलं हेक्झेन परत मिळवायचीही सोय नाही, म्हणजे दर घाण्याला विकतचं हेक्झेन हवेत जाणार.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगी मिळाली की भर थंडीतही पेटते. या मशीनला साधी मोटर, साधा स्टार्टर, फ्लेमप्रूफ म्हणजे आतली ठिणगी बाहेर पेट घेऊ न देणारं काहीच नाही. त्याच शेडमध्ये आमची माणसं जेवायला बसतात! तेलकट माती ढिगात आपोआप तापून पेटू शकते, हे तर त्याने सांगितलंही नाही. वर “लहान युनिटला परवाना लागत नाही” म्हणाला. साफ खोटं. हेक्झेनचा विक्रीसाठी नसलेला ३० लिटरपर्यंतचा साठा सोडला, तर परवाना लागतोच, मोठ्या साठ्याला पेसोचा. पेसो म्हणजे नागपूरचं एक्स्प्लोझिव्ह खातं. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आम्ही फसवणुकीची तक्रार दिली आहे. चेकच्या नोंदी, त्याचे मेसेज, ती बाटली, सगळं जोडलंय.

असा कोणी तुमच्याकडे आला तर माती तुमची, काटा तुमचा आणि लॅबही तुम्ही निवडलेली असू द्या. दुसरीकडे चालू असलेला प्लँट दाखव म्हणा, पेसोचा कागद मागा. निघालेलं तेल गार झाल्यावर त्याच्यासमोरच १०० मिली मोजून तोला. ९० ग्रॅमच्या बरंच खाली भरलं तर एक रुपयाही देऊ नका. आणि खात्री करायला ते शेगडीवर मात्र तापवू नका, हेक्झेन असेल तर भडका उडेल.