थर्टी-थर्टीसाठी हॉर्नडीचे मऊ टोकाचे काडतूस

माझ्याकडे २० इंची नळीची जुनी विंचेस्टर १८९४ रायफल आहे आणि पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी मी तिच्यात १८९५ पासून चालत आलेले थर्टी-थर्टी काडतूसच वापरतो. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात, म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमके प्रायमरपाशी (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या टोपीपाशी), टेकलेले असते. त्यामुळे कडक टोकदार गोळी इथे धोक्याची ठरते, कारण धक्क्याने ते टोक प्रायमरवर आदळून काडतूस नळकांड्यातच उडू शकते, आणि चपट्या टोकाची गोळी सुरक्षित असली तरी हवेत तिचा वेग लवकर ओसरतो. हॉर्नडी कंपनीच्या लेव्हरएव्होल्यूशन या काडतुसातील १६० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीचे लाल टोक नखाने दाबले की दबते, आणि तिचे सारे कसब यातच आहे: टोकदार असूनही ती नळकांड्यात सुरक्षित राहते. जखमी जनावर रानात हरवणे मला सहन होत नाही, म्हणून सांगतो, की कंपनीने दिलेला सेकंदाला २४०० फूट हा वेग २४ इंची नळीचा आहे, आखूड नळीतून तो कमी मिळतो, तेव्हा आपल्या रायफलीवर नेम आधी तपासूनच घ्यावा. शंभर यार्डांच्या आत फेडरल कंपनीची १५० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसे उघडे असलेली) गोळीही मला तितकीच भरवशाची वाटते. त्यापुढे मात्र मी हॉर्नडीच भरतो.