आधी चढावरचे स्प्रिंट की आधी पातळ तळाचे बूट?

बेळगाव भागातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पायवाटांवर धावायची गोडी लागली की दोन गोष्टी हमखास कानावर पडतात: मिनिमलिस्ट म्हणजे पातळ तळाचे बूट घे आणि चढावर स्प्रिंट मार. दोन्हींनी पाय बळकट होतात. पण दोन्हींचा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवरच येतो, त्यामुळे दोन्ही एकदम सुरू करू नका. माझ्या मते आधी चढ.

त्याला पैसे लागत नाहीत. राजहंसगडाच्या रस्त्यावर एखादा खडा टप्पा निवडा. पंधरा-वीस मिनिटं सावकाश धावून अंग गरम झालं की ८ ते १० सेकंद जीव तोडून वर पळायचं, चालत खाली यायचं, श्वास पूर्ण जाग्यावर आला की पुन्हा. पहिल्या आठवड्यात दोनच. मग हळूहळू वाढवत आठपर्यंत, आठवड्यातून एकदा. चढावर वेग आपोआप कमी राहतो, पाऊलही कमी आदळतं. सपाटीवरच्या स्प्रिंटमध्ये मांडीमागचा स्नायू ओढला जायची भीती जास्त. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, तेवढं चालायचंच.

बुटांचं गणित वेगळं आहे. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते, मिनिमलिस्टमध्ये शून्य ते ४. बोटं मोकळी पसरतात, जमीन नीट कळते, पाऊल आखूड पडतं, हे सगळं मला मनापासून आवडतं. पण यात पोटरीवरचा भार प्रत्येक पावलाला येतो, दहा सेकंदांत संपत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० आठवड्यांत अशा बुटांकडे वळणाऱ्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, पण त्याचे पाय तयार होते. शिवाय आपल्याकडचा जांभा दगड टोचरा, आणि पावसाळ्यात शेवाळ धरला की गुळगुळीत तळ सरळ घसरतो.

एकच जोड परवडत असेल तर खोल दात्यांचे साधे ट्रेल शूज घ्या. टाचेमागे आधीच दुखत असेल तर ते बरं होईपर्यंत दोन्ही बंद. दोनेक महिने चढ नीट पचले की पातळ बूट आणा आणि सुरुवातीला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दहाच मिनिटं धावा, तेही चढाचा दिवस सोडून.